५०-१४ ने पुढे असताना अजून दोन पॉइंट कशाला? अमेरिकन कॉलेज फुटबॉलमधली खुन्नस आणि स्कोअर फुगवण्याचा वाद

२३ नोव्हेंबर १९६८, कोलंबस, ओहायो. ओहायो स्टेट आणि मिशिगन या दोन युनिव्हर्सिटींची वर्षातली सगळ्यात मोठी मॅच संपत आलेली, ओहायो स्टेट ४४-१४ ने पुढे. त्यांनी अजून एक टचडाउन केलं, ५०-१४ झालं. आता इथे नेहमीची पद्धत अशी की किक मारून एक जादा पॉइंट घ्यायचा आणि विषय संपवायचा. ओहायो स्टेटने किक मारलीच नाही, ते दोन पॉइंट घ्यायला गेले. तो प्रयत्न फसला, स्कोअर ५०-१४ च राहिला, पण न मिळालेल्या त्या दोन पॉइंटवरून आज पन्नासहून जास्त वर्षं झाली तरी लोक भांडतायत. कोच वुडी हेज यांच्या नावावर एक उत्तर सांगितलं जातं, दोन घ्यायला का गेलात असं विचारल्यावर ते म्हणाले, "कारण तीन घेता येत नव्हते."

दर वर्षी नोव्हेंबरच्या शेवटच्या शनिवारच्या आसपास अमेरिकेत शिकायला गेलेला भाचा किंवा पुतणी असल्या मॅचचे फोटो टाकते, खाली कमेंटमध्ये कोणीतरी "क्लासलेस" म्हणून चिडलेलं असतं, आणि आपल्याला कळतच नाही की जिंकणाऱ्याने जास्त पॉइंट केले तर त्यात गुन्हा काय झाला. खेळायलाच उतरलेत ना? प्रश्न अगदी रास्त आहे, आणि त्याचं उत्तर एका ओळीत देता येत नाही म्हणून हा लेख.

आधी थोडं गणित आणि थोडं घड्याळ

हा फुटबॉल म्हणजे आपला पायाने खेळायचा नव्हे, लांबट बॉल हातात घेऊन धावायचा किंवा फेकायचा अमेरिकन फुटबॉल. एका वेळी मैदानावर अकरा विरुद्ध अकरा. बॉल समोरच्या टोकाच्या पट्ट्यात नेला की टचडाउन, त्याचे ६ पॉइंट. टचडाउननंतर एक छोटी संधी मिळते, किक मारून १ पॉइंट, किंवा तीन यार्डांवरून पुन्हा बॉल आत घुसवून २ पॉइंट. हा दोनचा पर्याय कॉलेज फुटबॉलमध्ये १९५८ पासून आहे. लांबून खांबांच्या मधून किक मारली तर तो फील्ड गोल, ३ पॉइंट.

वेळ पंधरा-पंधरा मिनिटांचे चार क्वार्टर. आणि खरी मेख घड्याळात आहे. बॉल घेऊन पळणाऱ्याला मैदानाच्या आतच पाडलं तर घड्याळ सहसा चालू राहतं, पण फेकलेला पास कोणी झेलला नाही तर घड्याळ थांबतं. म्हणजे जिंकणाऱ्या टीमला मॅच लवकर संपवायची असेल तर ती मधोमध पळत राहते, प्रत्येक वेळी चाळीस सेकंद आरामात घालवते, आणि अगदी शेवटी क्वार्टरबॅक, म्हणजे बॉल वाटणारा मुख्य खेळाडू, बॉल हातात घेऊन नुसता गुडघा टेकतो. तो गुडघा टेकणं म्हणजे जाहीर निरोप असतो की आम्हाला आता काही नको, घरी जाऊया.

आणि लांब पास फेकत राहणं हा बरोबर उलटा निरोप असतो. मॅच हातात आलेली असताना मुद्दाम पॉइंट वाढवत राहणं, यालाच तिकडे 'रनिंग अप द स्कोअर' म्हणतात, आपण पुढे स्कोअर फुगवणं म्हणू. नुसता मोठा स्कोअर म्हणजे फुगवलेला स्कोअर नव्हे, हे मात्र डोक्यात ठेवा, सगळं भांडण तिथेच आहे.

क्रिकेटमध्ये जो दरवाजा आहे तो इथे नाही

आपल्याला हे पटकन न कळण्याचं कारण क्रिकेट आहे. क्रिकेटच्या मोठ्या मॅचमध्ये कॅप्टन डाव घोषित करू शकतो, पुरे झालं असं म्हणायची अधिकृत सोय आहे. आणि समोरची टीमही पुरे म्हणू शकते, ते तर आपल्या पुण्यातच झालंय. डिसेंबर १९४८, पूना क्लबचं मैदान, महाराष्ट्र विरुद्ध काठियावाड. भाऊसाहेब निंबाळकर ४४३ वर नाबाद, ब्रॅडमनच्या ४५२ च्या विक्रमाला नऊ रन कमी, महाराष्ट्राच्या ४ बाद ८२६. काठियावाडचे कॅप्टन, राजकोटचे ठाकूरसाहेब, यांनी सांगितलं डाव घोषित करा नाहीतर आम्ही निघालो, आणि ते खरोखरच मॅच सोडून निघून गेले. निंबाळकरांचा विक्रम नऊ रनांसाठी राहिला. तिथे अखिलाडूपणा कोणाचा, ढीगभर रन करणाऱ्यांचा की पळून जाणाऱ्यांचा? बहुतेक मराठी माणसं पळून जाणाऱ्यांचा असंच म्हणतील आणि मीही तेच म्हणेन.

अमेरिकन फुटबॉलमध्ये डाव घोषित करता येत नाही. साठ मिनिटं आहेत म्हणजे साठ मिनिटं, तेवढा वेळ बॉल कोणाच्या ना कोणाच्या हातात असणारच, त्यामुळे जिंकणाऱ्या कोचला प्रत्येक वेळी काहीतरी ठरवावं लागतं आणि त्या ठरवण्यातून त्याचा स्वभाव दिसतो. मैदान सोडून जाणंही महागात पडतं. १९१६ मध्ये कंबरलँड कॉलेजने फुटबॉल टीमच बंद केली होती, पण जॉर्जिया टेकशी मॅचचा करार आधीच झालेला होता आणि आला नाहीत तर ३,००० डॉलर भरा असं त्यात होतं. तेव्हा ती रक्कम म्हणजे कॉलेजचं कंबरडं मोडलं असतं. म्हणून पोरं गोळा करून अटलांटाला नेली. ७ ऑक्टोबरला मॅच झाली, हाफटाइमला १२६-०, शेवटी २२२-०. दुसऱ्या हाफची वेळ कमी केली तरी एवढं. जॉर्जिया टेकचे कोच होते जॉन हाइजमन, ज्यांच्या नावाने आज कॉलेज फुटबॉलमधली सगळ्यात मानाची ट्रॉफी दिली जाते. त्याआधी कंबरलँडने बेसबॉलमध्ये त्यांना २२-० ने हरवलं होतं आणि त्यात बाहेरचे भाडोत्री खेळाडू घेतले होते असा हाइजमन यांचा राग होता. म्हणजे उट्टं काढणं हे तेव्हापासूनच या खेळात आहे.

बरं, पण पॉइंट वाढवून मिळतं काय?

खूप काही मिळायचं. वरच्या गटात एकशे तीसच्या वर कॉलेज टीम, प्रत्येकीच्या सीझनला साधारण बाराच मॅच, मग सगळे सगळ्यांशी खेळणार कसे? अव्वल कोण हे ठरवायला कित्येक दशकं पत्रकारांची आणि कोचेसची मतं घेतली जायची, पत्रकारांचं ते रँकिंग १९३६ पासून चालू आहे. आता मत देणारा माणूस शनिवारी पन्नास मॅच बघू शकत नाही, तो रविवारी पेपरात स्कोअर बघतो. २४-१० बघितलं की बरं वाटतं, ५८-७ बघितलं की डोळे मोठे होतात. कोचेसना हे माहीत होतं.

१९९८ ला बीसीएस नावाची पद्धत आली, त्यात मतांच्या जोडीला कॉम्प्युटरचे फॉर्म्युले आले, आणि काही फॉर्म्युल्यांमध्ये किती फरकाने जिंकलात हे मोजलं जायचं. म्हणजे समोरच्याला अजून चिरडलं तर कॉम्प्युटर खूश. शेवटी २००२ च्या सीझनपासून फॉर्म्युल्यांमधून विजयाचा फरक काढूनच टाकला. आता प्लेऑफसाठी, म्हणजे सीझनच्या शेवटच्या बाद फेरीसाठी, तेरा जणांची कमिटी टीम निवडते, आणि तिच्या नियमावलीत स्पष्ट आहे की दोन टीमची तुलना करताना जास्त फरकाने जिंकण्याला उत्तेजन मिळेल असं काही करायचं नाही. कागदावर छान आहे. पण कमिटीतली माणसंही माणसंच, ६०-० आणि २०-१७ यांच्यातला फरक त्यांच्या डोक्यातून पुसून कसा टाकणार, त्यामुळे हा मोह कमी झाला असेल, संपलेला नाही असंच मला वाटतं.

खुन्नस असली की हिशोब वेगळा लागतो

वर सांगितलं ते सगळं कोणत्याही मॅचला लागू आहे. पण रायव्हलरी, म्हणजे पिढ्यान् पिढ्या चालत आलेली दोन कॉलेजांमधली खुन्नस, तिथे रँकिंगचा मुद्दा बाजूलाच राहतो, तिथे मागचा हिशोब चालतो.

ओहायो स्टेट-मिशिगनचंच बघा. पहिली मॅच १८९७ ची, मिशिगन ३४-० ने जिंकलं. १९०२ मध्ये मिशिगनने ८६-० ने धुव्वा उडवला. ओहायो स्टेटला पहिला विजय मिळायला १९१९ उजाडलं. १९४६ मध्ये कोलंबसला जाऊन मिशिगनने ५८-६ ने हरवलं, आणि त्यात लोकांना काय लागलं तर मिशिगनचे ५५ पॉइंट झालेले असताना चौथ्या क्वार्टरमध्ये मारलेला फील्ड गोल. आठ टचडाउन विसरले, ते शेवटचे तीन पॉइंट लक्षात राहिले! ओहायो स्टेटच्या खेळाडूंना मिशिगनला हरवलं की सोन्याची छोटीशी पँट मिळते, लॉकेटसारखी, १९३४ पासूनची प्रथा आहे. मॅचच्या आठवड्यात कोलंबसच्या कॅम्पसमधल्या पाट्यांवरचं इंग्रजी 'एम' अक्षर लाल टेप लावून खोडलेलं असतं, दवाखाना असो की म्युझियम, जिथे एम तिथे फुली. अशा वातावरणात १९६८ चे ते दोन पॉइंट आले.

आणि मग पुढचं वर्ष. मिशिगनने नवीन कोच आणला बो शेंबेक्लर, जो आधी वुडी हेज यांच्याच हाताखाली खेळलेला आणि नंतर त्यांचाच असिस्टंट होता, म्हणजे गुरूच्या विरोधात शिष्य. त्याने काय केलं, तर सरावात ओहायो स्टेट म्हणून समोर उभ्या राहणाऱ्या आपल्याच पोरांच्या अंगावर ५० नंबर लावला. ज्याला धडक द्यायची त्याच्या छातीवर ५०. कोचने भाषण करायची गरजच नाही, डोळ्यासमोर रोज तो आकडा. २२ नोव्हेंबर १९६९ ला ओहायो स्टेट देशात पहिल्या नंबरवर, सलग २२ मॅच जिंकलेली, आणि मिशिगनने २४-१२ ने हरवलं. सगळे पॉइंट पहिल्या हाफमध्येच झाले, दुसऱ्या हाफमध्ये कोणालाच काही करता आलं नाही. तिथून पुढची दहा वर्षं या दोघांच्या लढतीला लोक 'दहा वर्षांचं युद्ध' म्हणतात.

एक फसलेला दोन पॉइंटचा प्रयत्न, ज्याने मॅचमध्ये काहीच बदललं नाही, त्याने समोरच्या टीमला वर्षभराचं इंधन दिलं. स्कोअर फुगवण्याविरुद्ध नैतिकता वगैरे बाजूला ठेवून नुसता व्यवहाराचा मुद्दा मांडायचा तर हा एकच पुरेसा आहे.

"पण लीड कधीच सेफ नसते, थांबायचं कधी?"

हा सगळ्यात वजनदार आक्षेप आहे आणि तो खरा आहे. १० नोव्हेंबर १९८४ ला मायामी युनिव्हर्सिटी मेरीलँडविरुद्ध हाफटाइमला ३१-० ने पुढे होती. मेरीलँडने दुसऱ्या हाफमध्ये बदली क्वार्टरबॅक फ्रँक राइकला उतरवलं आणि मॅच ४२-४० ने जिंकली. २००६ मध्ये नॉर्थवेस्टर्न तिसऱ्या क्वार्टरमध्ये ३८-३ ने पुढे असताना मिशिगन स्टेटने ४१-३८ ने मॅच काढली, पस्तीस पॉइंटची पिछाडी भरून. आता अशा कोचला जाऊन कोणी सांगायचं की बाबा रे, तीस पॉइंटने पुढे आहेस तर हात आखडता घे?

आणि हे बघा, १९८४ ला ३१-० घालवणाऱ्या मायामीचे कोच होते जिमी जॉन्सन. साधारण एका वर्षाने, ३० नोव्हेंबर १९८५ ला, त्याच जॉन्सनच्या टीमने नोत्र दाम युनिव्हर्सिटीला ५८-७ ने हरवलं. नोत्र दामचे कोच जेरी फाउस्ट यांची ती शेवटची मॅच होती. टीव्हीवर कॉमेंट्रीला नोत्र दामचेच जुने कोच आरा पार्सेगियन, त्यांना ते अजिबात रुचलं नाही, आणि देशभर जॉन्सनवर टीका झाली. ज्याने एकदा एकतीसची लीड हातातून जाताना बघितली तो माणूस पुन्हा ढिला पडेल अशी अपेक्षा करणं मला तरी अन्यायाचं वाटतं. पण ३१-० तेही हाफटाइमला, म्हणजे अजून तीस मिनिटं बाकी, आणि ५०-७ शेवटची काही मिनिटं बाकी, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पिछाडी भरून काढायला नुसते पॉइंट नाही, वेळ लागतो. म्हणून थांबायचं कधी याचं उत्तर फक्त स्कोअरबोर्डवर शोधू नका, घड्याळाकडेही बघा.

"आणि बेंचवरच्या पोरांचं काय?"

हा मुद्दा माझ्या सगळ्यात जवळचा आहे, म्हणून इथे जरा थांबतो. कॉलेजच्या मोठ्या टीममध्ये शंभराच्या वर पोरं असतात. त्यातली काही 'वॉक-ऑन', म्हणजे स्कॉलरशिपशिवाय स्वतःहून टीममध्ये आलेली. ही पोरं पहाटे उठून व्यायाम करतात, आठवडाभर सरावात पहिल्या फळीच्या खेळाडूंकडून आपटून घेतात, वर पेपर आणि असाइनमेंट आहेतच, आणि चार वर्षांत त्यांना मैदानावर मिळतात ती अशीच, मॅच ठरून गेल्यावरची शेवटची सहा-सात मिनिटं. आई-बाबा कुठूनतरी गाडी हाकत आलेले असतात, स्टेडियम निम्मं रिकामं झालेलं असतं, पण हे दोघं जागचे हलत नाहीत कारण आता त्यांचा मुलगा आत येणार आहे. त्या पोराला कोचने सांगायचं की बॉल हातात आला तर पळू नको, समोरच्यांना वाईट वाटेल? हे मला कधीच पटलं नाही. समोर मोकळी जागा दिसली तर त्याने जीव तोडून पळायलाच हवं, टचडाउन झालं तर होऊ दे. समोरच्या टीमचाही त्यातच मान आहे, कोणी आपल्यावर दया करून मुद्दाम पडतंय हे बघण्यापेक्षा हरलेलं परवडतं.

म्हणून मी बघतो ते एवढंच: मैदानावर कोण आहे आणि त्याला काय खेळायला सांगितलंय. बदली खेळाडू, साधा पळण्याचा खेळ, घड्याळ चालू, आणि तरी पॉइंट झाले, तर तो स्कोअर ७० झाला तरी माझी तक्रार नाही. पण पहिल्या फळीचा क्वार्टरबॅक शेवटच्या पाच मिनिटांत चाळीसच्या लीडवर लांब पास फेकतोय, किंवा टचडाउननंतर गरज नसताना दोन पॉइंटला जातायत, तर ते पडलेल्या माणसाला पुन्हा लाथ मारणं आहे. तिथे मुलाला संधी देणं वगैरे काही नसतं, तिथे कोच कोचला काहीतरी सांगत असतो.

"आवडत नसेल तर अडवा ना"

हे वाक्य जिंकणाऱ्यांकडून नेहमी येतं, आणि ते म्हणणारा माणूस हरायला लागला की लगेच त्याची बाजू बदलते. १४ नोव्हेंबर २००९, लॉस एंजेलिस. स्टॅनफर्ड विरुद्ध लॉस एंजेलिसचीच युनिव्हर्सिटी यूएससी, कॅलिफोर्नियातली जुनी लढत. चौथ्या क्वार्टरमध्ये स्टॅनफर्ड ४८-२१ ने पुढे आणि कोच जिम हार्बॉने एकचा पॉइंट सोडून दोनला जायचं ठरवलं. ते मिळाले नाहीत, पुढे मॅच ५५-२१ ला संपली. संपल्यावर हात मिळवताना यूएससीचे कोच पीट कॅरल हार्बॉला म्हणाले, तुझं नक्की चाललंय काय? हार्बॉनेही तोच प्रश्न उलटा विचारला. कॅमेऱ्यात सगळं टिपलं गेलं आणि ते वाक्य पुढे कित्येक वर्षं गाजलं.

आता दोन आठवडे पुढे या. २८ नोव्हेंबर, यूएससी विरुद्ध त्याच शहरातली यूसीएलए. यूएससी २१-७ ने पुढे, मिनिटभरही उरलेलं नाही. क्वार्टरबॅक मॅट बार्कलीने गुडघा टेकला. यूसीएलएच्या कोचने टाइमआउट घेतला, म्हणजे घड्याळ थांबवलं, म्हणजे आम्ही अजून हार मानलेली नाही. त्यावर कॅरलच्या टीमने काय केलं? पुढच्याच खेळीला ४८ यार्डांचा पास आणि टचडाउन, २८-७. दोन्ही टीम एकमेकांवर धावून गेल्या. मी इथे कॅरलना ढोंगी म्हणणार नाही, कारण दोन प्रसंगांत खरंच फरक आहे. यूसीएलएने घड्याळ थांबवून खेळ चालू ठेवला होता, आणि ज्याला खेळायचंय त्याच्याशी खेळणं चूक नाही. स्टॅनफर्डसमोर मात्र यूएससी आधीच कोसळलेली होती. तरी एक आहे, २१-७ वर पुन्हा गुडघा टेकला असता तर एवढा राडा झाला नसता, आणि कॅरलना ते कळत होतं.

लहान फरक म्हणजे खिलाडूपणा असंही नाही

३० नोव्हेंबर २०२४, पुन्हा कोलंबस. मिशिगन १३-१० ने जिंकलं, फक्त तीन पॉइंटचा फरक, कोणी काही फुगवलं नाही. मॅच संपल्यावर मिशिगनची पोरं आपला झेंडा मैदानाच्या मधोमध, ओहायो स्टेटच्या चिन्हावर रोवायला गेली, ओहायो स्टेटची पोरं धावून आली, हाणामारी झाली, पोलिसांना पेपर स्प्रे मारावा लागला. दोन्ही युनिव्हर्सिटींना एक-एक लाख डॉलर दंड झाला. म्हणून जे लोक नुसता स्कोअर बघून कोण सभ्य कोण असभ्य ठरवतात त्यांच्याशी मी सहमत होऊ शकत नाही, अपमान करायचाच असेल तर १३-१० मध्येही करता येतो.

मग सरळ नियमच का करत नाहीत?

शाळांच्या पातळीवर केलेत. अमेरिकेतल्या अनेक राज्यांत शाळांच्या मॅचमध्ये फरक ३५ च्या वर गेला की घड्याळ जवळजवळ थांबतच नाही, पटपट संपतं. हे मला आवडतं, कारण मुलं खेळत राहतात आणि कोणाला नाटक करावं लागत नाही. कनेक्टिकट राज्याने २००६ मध्ये वेगळाच नियम आणला होता, पन्नासहून जास्त पॉइंटने जिंकलं तर कोच पुढच्या मॅचला बाहेर. त्याचा त्रास असा की ४८ च्या लीडवर असलेला कोच बेंचवरच्या मुलालाच पुढे जाऊ नको म्हणणार, म्हणजे वर जे मी सांगितलं त्याच पोराचा त्यात बळी जातो.

कॉलेजमध्ये ठरावीक आकड्याचा नियम नाही, पण एक सोय आहे जी फार लोकांना माहीत नसते. दोन्ही मुख्य कोच आणि रेफरी यांचं एकमत झालं तर उरलेल्या क्वार्टरची वेळ कमी करता येते. दुबळ्या टीमबरोबरच्या एकतर्फी मॅचमध्ये हे चालून जातं. पण मिशिगनचा कोच एक लाख लोकांसमोर ओहायो स्टेटच्या कोचकडे जाऊन म्हणणार का, की जरा वेळ कमी करूया? मरेल पण म्हणणार नाही. आणि जिंकणाऱ्याने स्वतःहून विचारलं तर तो अजून मोठा अपमान.

त्यामुळे माझं म्हणणं असं की हे विचारायचं काम रेफरीला द्यावं. तिसरा क्वार्टर संपला, फरक चाळीसच्या वर आहे, तर रेफरीने दोन्ही कोचना बाजूला बोलवून विचारायचं, नियम म्हणून, प्रत्येक मॅचमध्ये. दोघांपैकी एक जरी नाही म्हणाला तर पूर्ण पंधरा मिनिटं खेळा, आणि हरणाऱ्या कोचने तिथे नाही म्हटलं असेल तर मग नंतर प्रेस कॉन्फरन्समध्ये शेवटच्या टचडाउनवरून रडायचं नाही.